सव्वीस मतं आणि वीस डॉलर

सिडनी, जून २०२५

ब्रॅडफिल्डचा निकाल एकदाचा लागला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय निवडणुकीचं मतदान झालं ३ मे २०२५ ला आणि इथला निकाल हाती आला ४ जूनला. मधल्या काळात नवं मंत्रिमंडळ शपथ घेऊन कामालाही लागलं. सिडनीच्या उत्तरेकडच्या या एका मतदारसंघातले कागद मात्र टेबलांवर मोजले जातच होते. कधी अपक्ष निकोलेट बोले पुढे, कधी लिबरल पक्षाच्या जिझेल कॅप्टेरियन. मोजणी पूर्ण झाली तेव्हा कॅप्टेरियन ८ मतांनी पुढे होत्या. फरक शंभराच्या आत असला की इथे कुणी मागो न मागो, फेरमोजणी होतेच. ती झाली आणि बोले २६ मतांनी निवडून आल्या. किलारा, पिंबल, चॅट्सवूड असा हा सुखवस्तू पट्टा. १९४९ साली मतदारसंघ तयार झाला तेव्हापासून लिबरल पक्षाने इथे हार पाहिली नव्हती.

विदर्भातल्या वाचकाला असली अटीतटी नवी नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेला भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी तरले. त्याआधी लोकसभेला मुंबई वायव्य मतदारसंघात तर मतदानयंत्रांची बेरीज संपली तेव्हा अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. त्याच मतदारसंघात ‘नोटा’चं बटण दाबणारे पंधरा हजारांवर होते. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये एका मताने पडलेले सी. पी. जोशी तर दर निवडणुकीत मतदान-जागृतीच्या भाषणांतून हजेरी लावतात.

पण या गोष्टींवर भिस्त ठेवून कुणाला मतदानाला बाहेर काढता येईल असं मला वाटत नाही. धरमपेठेतली माझी आत्या दर निवडणुकीत फोनवर म्हणते, “माझ्या एका मतानं काय फरक पडते गं? जो यायचा तो येतेच.” तिचं गणित चुकलेलं नाही. २०२४ मध्ये नागपुरात नितीन गडकरी १ लाख ३७ हजार ६०३ मतांनी निवडून आले. आत्या गेली असती किंवा घरी पंख्याखाली बसली असती, तरी त्या आकड्याला काही धक्का लागला नसता. माझंही तेच. माझा मतदारसंघ पॅरामॅटा. तिथे मजूर पक्षाचे अँड्र्यू चार्लटन सहज निवडून आले. एवढंच काय, ब्रॅडफिल्डच्या ज्या २६ मतांवर महिनाभर बातम्या चालल्या, त्यांनी खासदार ठरवला, सरकार नाही. मजूर पक्षाने १५० पैकी ९४ जागा जिंकून सरकारचा प्रश्न पहिल्याच रात्री निकालात काढला होता.

तरीही या देशात नव्वद टक्के लोक मतदान करतात आणि नागपुरात गेल्या लोकसभेला जेमतेम ५४ टक्क्यांनी केलं. ऑस्ट्रेलियन माणूस नागपूरकरापेक्षा जास्त देशभक्त आहे, अशातला भाग नाही. राजकारण्यांना नावं ठेवण्यात तो आपल्याला हार जाणार नाही. एका मताने काय होतं, या वादात हा देश पडलाच नाही. त्याने मतदान सक्तीचं केलं आणि मोकळा झाला.

१९२२ च्या निवडणुकीत इथे साठ टक्केही मतदान झालं नव्हतं. टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी १९२४ मध्ये खासगी विधेयक मांडलं आणि ते फारशा चर्चेशिवाय मंजूर झालं. पक्षांना ते सोयीचंच होतं: लोकांना घरातून ओढून आणायचा खर्च वाचला. १९२५ च्या निवडणुकीत मतदान ९१ टक्क्यांवर गेलं. त्यानंतर प्रतिनिधिगृहासाठीचं मतदान नव्वदच्या खाली पहिल्यांदा आलं ते २०२२ मध्ये, तेही अगदी थोडंसं, तर इथल्या वर्तमानपत्रांनी चिंतेचे अग्रलेख लिहिले. २०२५ मध्ये ते पुन्हा नव्वदच्या वर गेलं.

दंड आहे वीस डॉलरचा. मतदान केलं नाही की निवडणूक आयोगाचं पत्र येतं. आजारपण, प्रवास, धर्माची आडकाठी असं सबळ कारण कळवलं की प्रकरण मिटतं. नाहीतर वीस डॉलर भरायचे आणि तेही टाळले तर कोर्टाची पायरी. रक्कम किरकोळ आहे. सिडनीत दोघांच्या कॉफीला आणि खाण्याला तेवढे सहज जातात. भारतातून आलेले पाहुणे या दंडाबद्दल डोळे मोठे करून विचारतात. मला त्यात फारसं काही वाटत नाही. मला नवल वाटतं ते या सक्तीने सरकारला कसं कामाला लावलं आहे त्याचं.

नागरिकाला ‘आलंच पाहिजे’ म्हटलं की ‘कसं येऊ?’ हे विचारायचा हक्क त्याला मिळतो, आणि उत्तर देणं सरकारला भाग पडतं. म्हणून मतदान शनिवारी. म्हणून त्याआधी जवळजवळ दोन आठवडे आगाऊ मतदानाची केंद्रं उघडी. तुम्ही राज्यात कुठेही असा, जवळच्या केंद्रात जाऊन आपल्या मतदारसंघाची पत्रिका मागायची. दुसऱ्या राज्यात गेला असाल तर त्यासाठीची केंद्रं वेगळी. इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत फिरती पथकं जातात, वाळवंटातल्या वस्त्यांवर विमानाने पेट्या जातात. अंटार्क्टिकाच्या संशोधन केंद्रांवर राहणाऱ्यांनाही मत देता येतं, पण तिथे ते सक्तीचं नाही, कारण तिथे मत गुप्त राहील याची खात्री सरकार देऊ शकत नाही. या अपवादातच सगळं आलं. सरकारला आपली बाजू सांभाळता येत नसेल, तर नागरिकावर सक्ती नाही.

पुण्यात नोकरी करणारा, पण नाव अजून नागपूरच्या प्रतापनगरच्या यादीत असलेला मुलगा आठवा. तो रेल्वेचं तिकीट काढून मतदानाला गेला नाही तर आपण त्याला बेपर्वा म्हणतो. निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदानाच्या यंत्राचा नमुना जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला ठेवला, बऱ्याच पक्षांनी शंका घेतल्या आणि प्रकरण तिथेच थांबलं. गुजरातने तर उलट्या टोकाने सुरुवात केली होती. स्थानिक निवडणुकांत सक्तीच्या मतदानाच्या कायद्याला तिथे २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. ते बरंच झालं असं माझं मत आहे. सुरतेच्या यंत्रमागावर राबणारा माणूस गावी जाऊन मत देऊ शकत नाही म्हणून त्याच्याकडून दंड घेणं हा शुद्ध अन्याय झाला असता.

मतदानाच्या दिवशी इथे शाळेच्या आवारात पाऊल टाकलं की आधी कांदा परतल्याचा वास येतो. पालकसंघाची मंडळी शेगडीवर सॉसेज भाजून पावाच्या तुकड्यात घालून विकतात आणि पैसे शाळेला जातात. आमच्यासारख्या शाकाहारींसाठी नुसता कांदा-पाव मिळतो, किंवा पलीकडच्या टेबलावर घरी केलेले केक. (नागपुरात केंद्राबाहेर तर्री-पोह्यांचा ठेला लागला तर टक्केवारीत काय फरक पडेल, याचा आयोगाने एकदा प्रयोग करावा.) आत तीन प्रश्न विचारतात: नाव काय, पत्ता काय, या निवडणुकीत आधी मत दिलं आहे का? ओळखपत्र नाही, बोटाला शाई नाही. यादीतल्या नावावर रेघ मारायची किंवा संगणकावर खूण करायची, झालं. पुठ्ठ्याच्या आडोशात कागदावर आकडे लिहायचे आणि कागद पुठ्ठ्याच्याच पेटीत टाकायचा. इतक्या वर्षांनंतरही माझी नजर सवयीने डाव्या तर्जनीकडे जाते.

आकडे लिहायचे हे मुद्दाम सांगायला हवं, कारण आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. इथे एका नावापुढे फुली मारून चालत नाही. प्रतिनिधिगृहाच्या पत्रिकेवर जेवढे उमेदवार तेवढे क्रमांक द्यावे लागतात, अगदी नावडत्यालाही शेवटचा आकडा द्यावाच लागतो. नागपूरच्या पदवीधरांना ही पद्धत ओळखीची आहे. डिसेंबर २०२० मध्ये विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात जांभळ्या शाईच्या पेनने पसंतीक्रम लिहून त्यांनी काँग्रेसच्या अभिजित वंजारी यांना निवडून दिलं आणि भाजपचा जुना गड पडला होता. आपण जे पदवीधर, शिक्षक, आमदार अशा मोजक्यांच्याच हाती दिलं आहे, ते इथे प्रत्येक मतदाराच्या हाती १९१८ पासून आहे.

ब्रॅडफिल्डमध्ये पहिल्या पसंतीत कॅप्टेरियन बऱ्याच पुढे होत्या. आपल्याकडची पद्धत असती तर त्या रात्रीच गुलाल उधळला गेला असता. पण कुणालाच निम्मी मतं नव्हती. मग सगळ्यांत मागचा उमेदवार बाद करून त्याचे कागद त्यावरच्या पुढच्या क्रमांकाप्रमाणे वाटले, मग त्यावरचा, मग त्यावरचा. मजूर पक्षाला मत देणारे पुष्कळ होते, आपला उमेदवार येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मनापासून पहिला आकडा आपल्या पक्षाला दिला आणि दुसरा-तिसरा बोले यांना. ती मतं फुकट गेली नाहीत. शेवटी त्याच मतांनी निकाल फिरवला.

आता साकोलीकडे पाहा. तिथे पहिल्या दोघांत फरक २०८ मतांचा आणि तिसऱ्या क्रमांकाच्या अपक्षाला हजारोंनी मतं. त्या हजारो लोकांना उरलेल्या दोघांपैकी कोण चालला असता, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. नागपुरात हत्तीला किंवा वंचितला मत देणाऱ्याला दरवेळी ऐकवलं जातं की तुझं मत वाया गेलं, वर तूच अमक्याला निवडून आणलंस. हे पाप त्या मतदाराचं नसतं. पद्धतच त्याला एका प्रश्नाचं अर्धं उत्तर द्यायला लावते आणि उरलेलं त्याच्या डोक्यावर फोडते. शिवाय वजनाचाही हिशेब आहे. इथल्या एका मतदारसंघात साधारण सव्वा लाख मतदार, नागपूर लोकसभेत बावीस लाखांच्या वर. तेव्हा आत्याचं एक मत माझ्या मताच्या सतरा-अठराव्या हिश्शाचं. एवढ्या मोठ्या देशात दुसरं काय करणार, हे मला कळतं, पण तिला आपलं मत हलकं वाटलं तर तिला दोष देता येत नाही.

या पद्धतीचे गुण गाताना तिची खोडही सांगायला हवी. सक्तीने आलेला, कंटाळलेला माणूस वरून खाली १, २, ३, ४ असे आकडे टाकून निघून जातो. याला इथे ‘डाँकी व्होट’ म्हणतात, म्हणजे गाढवमत. पत्रिकेवरचा क्रम सोडतीने ठरतो आणि पहिलं नाव निघालेला उमेदवार खूश असतो. याशिवाय पाच टक्क्यांच्या वर मतं बाद होतात, काही चुकून आणि काही मुद्दाम. आणि मूळ रहिवाशांची हकिकत तर लाज आणणारी आहे. सगळ्या आदिवासींना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क मिळाला १९६२ मध्ये, आणि इतरांसारखी सक्ती त्यांना लागू झाली १९८४ मध्ये. नॉर्दर्न टेरिटरीतल्या लिंगियारी या अवाढव्य मतदारसंघात २०२२ मध्ये मतदान ६७ टक्क्यांच्या आसपासच झालं. दंड तिथेही वीसच डॉलर आहे. पण पेटी चार तासांसाठी येते आणि निघून जाते, यादीत नावं नसतात, मग दंडाला कोण भितं?

मताची किंमत इथे कशी करतात, हे मला सर्वांत नेमकं दिसलं ते जिंकण्या-हरण्यात नाही, हरवण्यात. २०१३ च्या निवडणुकीत वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यातल्या सिनेटच्या मतमोजणीत फेरमोजणीची वेळ आली आणि १,३७० मतपत्रिका सापडेनात. सगळीकडे शोध झाला, चौकशी झाली, मिळाल्या नाहीत. मोजणीच्या एका निर्णायक टप्प्यावर फरक अवघ्या काही मतांचा होता, म्हणून न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली. महाराष्ट्राच्या आठपट क्षेत्रफळाच्या त्या राज्याने ५ एप्रिल २०१४ रोजी पुन्हा मतदान केलं. निवडणूक आयुक्तांनी राजीनामा दिला. ज्यांचे कागद हरवले ते १,३७० लोक कोण होते, हे कुणालाच माहीत नव्हतं.

नागपुरात दर निवडणुकीला केंद्रावरून परत आलेली माणसं सांगतात की यादीत नावच नव्हतं, मागच्या खेपेला होतं. दोन दिवस बातम्या येतात. नंतर विषय मागे पडतो, कारण विजयाचा फरक लाखाच्या घरात असतो आणि एवढ्यातेवढ्याने काय झालं असतं, हे आत्याचंच वाक्य मग यंत्रणाही म्हणते. महापालिकेत तर नाव असूनही उपयोग नव्हता. २०१७ मध्ये निवडलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर निवडणूक न होता कारभार प्रशासकांच्या हाती गेला. पुढच्या तीन वर्षांत गटाराच्या झाकणापासून पाण्याच्या बिलापर्यंत कशासाठीही नागपूरकराला आपला म्हणून कुणी पकडता आला नाही. निवडणुका चार महिन्यांत उरकण्याचा प्रयत्न करा, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं. आमच्या इथल्या नगरपालिकांच्या निवडणुका सप्टेंबर २०२४ मध्ये झाल्या. त्याही सक्तीच्या, आणि त्यांचा दंड तर ५५ डॉलर.

मला यातलं नागपूरचं काहीच करता येणार नाही. इथलं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी तिथलं मत गेलं आणि ओसीआय कार्डावर मतदान करता येत नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे, त्यांना सहा-अ क्रमांकाचा अर्ज भरून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. आमच्या ओळखीत तसं विमानाने जाऊन आलेलं कुणी नाही.

ब्रॅडफिल्डचा विषय मात्र जून २०२५ मध्ये पुरता मिटलेला नव्हता. निकालाला आव्हान द्यायला चाळीस दिवसांची मुदत असते. कॅप्टेरियन न्यायालयात जातील की नाही, ते हे पत्र लिहीपर्यंत ठरलेलं नव्हतं. निकाल रद्द झालाच असता तर किलारा-पिंबलच्या मंडळींना आणखी एक शनिवार काढावा लागला असता, आणि जे गेले नसते त्यांना वीस डॉलर.