बारा व्होल्टची बॅटरी, पाच व्होल्टची गरज

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. कारखान्याच्या परिसरातील कोपीत पुष्कळदा विजेची जोडणी नसते. अशा वेळी लहानसे सौर पॅनेल व १२ व्होल्टची बॅटरी हाच आधार ठरतो. गावी राहिलेल्या मुलाबाळांची खुशाली मोबाईलवरच कळते. पण त्याच्या चार्जिंगसाठी सामान्यतः ५ व्होल्ट दाब लागतो. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारे उपकरण म्हणजे डी. सी. दाब-परिवर्तक होय.

हे परिवर्तक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला, लिनियर प्रकार, जादा दाब उष्णतेच्या रूपाने घालवितो. ५ व्होल्टवर १ अँपिअर प्रवाह घेतल्यास उपयोगी पडतात ५ वॅट आणि वाया जातात ७ वॅट. दुसरा, स्विचिंग प्रकार, प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तारेच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा कमी दाबाने पुढे देतो. याची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास बॅटरीतून अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घ्यावा लागतो.

याचा अर्थ हिशेबाने पाहू. ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी टिकावी म्हणून निम्मीच वापरली, तर पहिल्या प्रकारावर तिची वीज साडेतीन तास पुरेल, दुसऱ्यावर सुमारे साडेसात तास. मात्र भार अगदी अल्प असेल, तर स्वस्त लिनियर परिवर्तकही चालतो. स्विचिंग परिवर्तकामुळे कधी कधी रेडिओत खरखर येते, हेही ध्यानात ठेवावे.

ग्रामपंचायत वा शाळा अशी साधने खरेदी करीत असेल, तर दरपत्रकात चार बाबी लिहून घ्याव्यात : परिवर्तक किती ते किती व्होल्ट दाब स्वीकारतो, सतत किती अँपिअर देतो, भार नसताना स्वतः किती वीज खातो, आणि उलट जोडणी व शॉर्ट सर्किटपासून त्याला संरक्षण आहे काय. '१२ व्होल्ट'ची बॅटरी चार्ज होताना १४ व्होल्टांच्या वर जाते. तिच्यासाठीचे पॅनेल भर उन्हात, भार नसता, २१ व्होल्टांपर्यंत दाब दाखविते. म्हणून परिवर्तक थेट पॅनेलला न जोडता चार्ज नियंत्रकामार्फत बॅटरीलाच जोडावा. बॅटरीजवळ फ्यूज अवश्य बसवावा. कोपी पाचटाची असते; तेथे एक ठिणगीही महाग पडते.