आकडा यंत्राचा, बोट आपलं

आजच्या आरोग्याच्या गप्पांत आम्ही एका लहानशा यंत्राबद्दल बोलणार आहोत. बोटाला चिमट्यासारखं लावायचं, थोडं थांबायचं आणि आकडा वाचायचा. ९८, ९५, ९२. बरोबर ओळखलंत, ऑक्सिमीटर. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हा आशाताई आणि स्वयंसेवक हेच यंत्र घेऊन दारोदार फिरले. मोहीम संपली, पण यंत्रं राहिली. कुणाच्या कपाटात, कुणाच्या बचत गटाच्या पेटीत. आजही घरात कुणाला दम लागला की ती बाहेर निघतात.

आता प्रश्न असा. हा आकडा सगळ्यांच्या बोटावर सारखाच खरा येतो का? उत्तर आहे, नाही. आणि ही गोष्ट संशोधनात छापून आल्यानंतरही ती मनावर घ्यायला जगाला तीस वर्षं लागली. तिच्यातून आपल्या घरात उपयोगी पडेल असं बरंच शिकता येतं, म्हणून ती नीट समजून घेऊ.

आधी यंत्र कसं चालतं ते पाहू. आपलं रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे. त्याच्यावर ऑक्सिजन चढलेला असला की रक्त चमकदार लाल असतं, उतरलेला असला की काळपट लाल. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचे प्रकाश सोडतं. एक लाल, जो आपल्याला दिसतो, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा. दोन्हींपैकी किती प्रकाश पलीकडे पोचला, यावरून ते ऑक्सिजनचा अंदाज बांधतं. ही युक्ती १९७० च्या दशकात जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी शोधली. त्यांनी नाडीच्या ठोक्याचा उपयोग केला. ठोक्यागणिक बोटातलं रक्त कमी-जास्त होतं, पण कातडी आणि हाड तेच राहतं. म्हणून जे बदलतं तेवढंच मोजायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं. यामुळे सुई न टोचता, रक्त न काढता ऑक्सिजन कळू लागला. ऑपरेशनच्या टेबलावर या यंत्रानं कितीतरी जीव वाचवले, हे आधी सांगायलाच हवं.

पण बोटातून किती प्रकाश आला म्हणजे किती ऑक्सिजन, हे यंत्राला आपोआप कळत नाही. त्याच्या पोटात एक तक्ता भरलेला असतो. तो करण्यासाठी निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा श्वासात घ्यायला लावतात. त्यांच्या धमनीतलं रक्त काढून खरा ऑक्सिजन तपासतात, आणि त्याच वेळी यंत्रावर काय दिसलं ते शेजारी लिहितात. म्हणजे आपल्या बोटाचा आकडा हा दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांवरून ठरलेला असतो. शिंप्यानं एकाच बांध्याच्या बायकांची मापं घेऊन गावभर ब्लाउज शिवले, तर काहींना ते बसतील आणि काहींना काखेत काचतील. इथेही तसंच आहे. मापं कुणाची घेतली, यावर सगळं अवलंबून.

मापं कुणाची घेतली होती? अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणारं सरकारी खातं आहे, त्याला एफडीए म्हणतात. त्यांच्या २०१३ च्या सूचनेप्रमाणे ऑक्सिमीटरची चाचणी कमीत कमी १० निरोगी माणसांवर करायची, आणि त्यांत गडद कातडीची माणसं कमीत कमी २, किंवा एकूण संख्येच्या १५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तितकी. दहांत दोन. कातडीचा गडद रंग स्वतःही प्रकाश शोषतो. त्यामुळे गोऱ्या बोटांवर बसवलेला हिशेब सावळ्या-काळ्या बोटांवर थोडा चुकू शकतो. आणि चुकतो तो बहुधा एकाच दिशेनं. खरा ऑक्सिजन कमी असतो आणि यंत्र जास्त दाखवतं.

हे कधी कळलं? १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातले रुग्ण तपासून लिहिलं, की कृष्णवर्णीय रुग्णांत या यंत्राचा आकडा जास्त वेळा चुकतो. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पुन्हा तेच दाखवलं, की ऑक्सिजन जितका खाली जातो तितकी गडद कातडीवर चूक वाढते. दोन्ही वेळा ते छापून आलं. तरी यंत्रं तशीच विकली गेली आणि तशीच वापरली गेली.

मग कोविड आला. ऑगस्ट २०२० मध्ये मानववंशशास्त्राच्या अभ्यासक एमी मोरान-थॉमस यांनी या जुन्या संशोधनाची आठवण करून देणारा लेख लिहिला. त्या डॉक्टर नव्हत्या. यंत्रामागची माणसं कोण, हा त्यांचा प्रश्न होता. तो लेख मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांच्या वाचनात आला आणि त्यांनी आपल्या दवाखान्यातल्या नोंदी काढून पाहिल्या. एकाच रुग्णाचा यंत्रावरचा आकडा आणि त्याच सुमारास काढलेल्या रक्ताचा आकडा, अशा हजारो जोड्या त्यांनी ताडून पाहिल्या.

डिसेंबर २०२० मध्ये निकाल छापून आला. यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असताना खरा ऑक्सिजन ८८ च्याही खाली आहे, असं गोऱ्या रुग्णांत १०० पैकी साधारण ४ वेळा झालं होतं. नेमका आकडा ३.६ टक्के. कृष्णवर्णीय रुग्णांत ते १०० पैकी साधारण १२ वेळा झालं होतं, म्हणजे ११.७ टक्के. जवळजवळ तिप्पट.

मैत्रिणींनो, याचा अर्थ काय ते लक्षात घ्या. ऑक्सिजन लावायचा की नाही, रुग्णाला दाखल करायचं की घरी पाठवायचं, हे पुष्कळदा याच आकड्यावर ठरत होतं. ज्याचा आकडा खोटा चांगला आला, त्याला उपचार उशिरा मिळाले. पुढच्या अभ्यासात तेही दिसून आलं. बाजारातल्या काट्यात पासंग असेल तर आपलं पावशेर धान्य जातं. या काट्यात पासंग असेल तर माणूस जातो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा अभ्यास अमेरिकेतल्या माणसांवरचा आहे. त्यात रुग्णानं स्वतःचा वंश काय सांगितला ते पाहिलं, कातडीचा रंग मोजला नव्हता. म्हणून ‘आपल्याकडेही बारा टक्केच चूक होते’ असं म्हणणं बरोबर नाही. कुणी तसं सांगितलं तर मान डोलावू नका. पण प्रकाशाचा नियम सगळीकडे सारखाच आहे. उन्हात राबणाऱ्या सावळ्या हाताच्या बाईनं आपल्या बोटावरचा आकडा थोडा सावधपणे वाचावा, एवढं मात्र त्यातून नक्की निघतं.

शिवाय यंत्र कुणाचंही बोट असो, थोडंफार इकडेतिकडे होतंच. एफडीएनं स्वतः सांगितलंय, की यंत्रावर ९० दिसत असेल तर खरा ऑक्सिजन साधारण ८६ ते ९४ च्या मध्ये कुठेही असू शकतो. या सगळ्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी नव्या सूचनांचा मसुदा काढला. त्यात चाचणीसाठी १० ऐवजी १५० किंवा त्याहून जास्त माणसं घ्यायला सांगितलं आहे, आणि कातडीच्या वेगवेगळ्या छटाही. चूक दुरुस्त होते, पण कुणीतरी पुन्हा पुन्हा विचारलं तरच होते.

आता आणखी एक गोष्ट, जी आपल्या बायकांसाठी फार महत्त्वाची आहे. ही यंत्राची चूक नाही, आपल्या समजुतीतली आहे. ऑक्सिमीटर आपल्या अंगात रक्त किती आहे ते सांगत नाही. समजा, कारखान्याकडे दहा बैलगाड्या ऊस घेऊन निघाल्या आणि दहाही भरलेल्या आहेत. यंत्र म्हणणार, शंभर टक्के. उद्या पाचच गाड्या निघाल्या, पण पाचही भरलेल्या आहेत. यंत्र तरीही म्हणणार, शंभर टक्के. गाड्या भरलेल्या आहेत का, एवढंच त्याला कळतं. गाड्या किती आहेत, ते कळत नाही. या गाड्या म्हणजे आपलं हिमोग्लोबिन. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींना रक्तक्षय होता. म्हणून गरोदर बाईला धाप लागते, चक्कर येते, आणि यंत्रावर ९८ दिसतं, तेव्हा ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ म्हणून तिला कामाला लावू नका. तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

मग यंत्र फेकून द्यायचं का? मुळीच नाही. नीट वापरायचं. लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. हात गार असेल तर चोळून ऊब आणा. नखांवर गडद नेलपॉलिश असेल तर पुसा. काळी मेंदी असेल तर मेंदी नसलेलं बोट घ्या. हात हलवू नका. आकडा एका जागी स्थिर झाला की मगच वाचा. वेळ घालून वहीत लिहून ठेवा, कारण एका आकड्यापेक्षा तो वर चाललाय की खाली, हे जास्त सांगून जातं. काल ९८ होता आणि आज ९४ असेल, तर ते डॉक्टरांना कळवा. ९० च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपवर आजारी माणसाचा जीव सोपवू नका.

आकडा चांगला असला तरी अंगाकडे पाहा. एक वाक्य पूर्ण बोलताना माणूस थांबतो का? आजी नेहमीसारखी ओळखत नाही, झापड येते, असं होतंय का? बाळाची छाती श्वास घेताना आत ओढली जाते का? सावळ्या कातडीवर निळसर झाक चटकन दिसत नाही, म्हणून जीभ, हिरड्या आणि ओठांची आतली बाजू उजेडात पाहा. लहान मुलाचे श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील, तर तो जलद श्वास समजतात. तेव्हा यंत्र काहीही म्हणो, दवाखाना गाठायचा.

शेवटी एवढंच. ‘संशोधनानं सिद्ध झालंय’ असं सांगत कुणी यंत्र, पावडर किंवा गोळी घेऊन गटात आलं, तर घाबरून नाही आणि भारावूनही नाही, सरळ चार प्रश्न विचारा. तपासलं ते कुणावर? किती जणांवर? कशाशी ताडून पाहिलं? आणि विकणारा सोडून दुसऱ्या कुणी तपासलंय का? ज्याचं संशोधन खरं आहे, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत पेटीतलं ऑक्सिमीटर बाहेर काढा. सेल तपासा. एकीच्याच तीन वेगवेगळ्या बोटांना लावून आकडे लिहा आणि त्यांत किती फरक पडतो ते सगळ्यांनी मिळून बघा. आशाताईंनाही बोलवा, आणि कुणाकुणाचं हिमोग्लोबिन तपासायचं राहिलंय त्यांची यादी त्याच बैठकीत करा.