गुडघ्याला बांधलेला करार

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. गोल्फ क्लबच्या मैदानाला चार फेऱ्या मारून घरी आलो, तर भाचा ओट्यावर बसलेला. कागदोपत्री या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणतात, पण जुन्या नाशिककराच्या तोंडी ते गोल्फ क्लबच. भाचा एकतीस वर्षांचा, यष्टिरक्षक, मुंबईत कार्यालयीन क्रिकेट खेळतो. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. तीन वर्षांचा करार, पगार चांगला. पण शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. खेळण्यास असमर्थ ठरल्यास करार आपोआप संपुष्टात येईल.

"मामा, सही करू का?"

आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "आधी त्याला पोहे खाऊ द्या, मग तुमच्या गुडघ्यांचं पुराण सांगा."

पुराण म्हणण्यासारखेच आहे ते. १९८६ साली सातपूरच्या एका कारखान्यात मी लागलो तो यंत्रे चालवता येत होती म्हणून नव्हे, तर कारखान्याच्या संघाला यष्टिरक्षक हवा होता म्हणून. बारा वर्षे स्टंपांमागे उठाबशा काढल्या. १९९८ मध्ये डावा गुडघा असा काही रुसला, की जिना चढताना कठड्याला धरावे लागे. पण नोकरी कायम होती. साहेबांनी मला स्टोअरमध्ये बसवले आणि तिथूनच निवृत्त झालो. आमच्या पिढीतल्या खेळाडूंचा दीर्घ मुदतीचा करार म्हणजे ही कायम नोकरी. त्या करारात गुडघ्यांचा उल्लेख कुठेच नसे, हेच त्याचे मोठेपण.

यष्टिरक्षकाचे काम किती कष्टाचे, हे प्रेक्षकाला सहसा जाणवत नाही. कसोटीच्या एका पूर्ण दिवसात नव्वद षटके, म्हणजे ५४० चेंडू. नो-बॉल आणि वाइड सोडून दिले, तरी तितक्याच उठाबशा. गोलंदाज सहा चेंडू टाकून सीमेजवळ विसावा घेतो, फलंदाज बाद होऊन तंबूत जातो. यष्टिरक्षकाला मात्र रजा नाही. वर बोटे मोडतात ती वेगळीच.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये याचा सख्खा भाऊ आहे, कॅचर. तोही उकिडवा बसतो आणि एका सामन्यात सुमारे दीडशे चेंडू झेलतो. हंगाम १६२ सामन्यांचा. शिवाय बॅटची कड लागून आलेला चेंडू थेट तोंडावरच्या जाळीवर आदळतो. तरी तिथले संघ कॅचरांना आठ-आठ, नऊ-नऊ वर्षांचे करार देतात, आणि खेळाडू जायबंदी झाला तरी ठरलेले पैसे सहसा बुडत नाहीत.

जो मावर याचेच उदाहरण घ्या. मिनेसोटाचा हा घरचा मुलगा. २०१० साली त्याच्याशी आठ वर्षांचा, १८ कोटी ४० लाख डॉलर्सचा करार झाला. तो २०११ पासून लागू व्हायचा होता. ऑगस्ट २०१३ मध्ये चेंडूचा मार बसून त्याच्या मेंदूला दुखापत झाली. पुढच्या हंगामापासून त्याने कॅचरची जागा सोडली आणि पहिल्या बेसवर उभा राहू लागला. म्हणजे आठांपैकी पाच वर्षे संघाने कॅचरचा भाव मोजला आणि पदरात पडला पहिल्या बेसचा खेळाडू. लोक कुरकुरले. पण मावर कराराची सारी वर्षे खेळला आणि २०२४ मध्ये त्याला तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये मानाचे स्थान मिळाले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बस्टर पोझीचा करार नऊ वर्षांचा, १६ कोटी ७० लाखांचा, २०१३ सालचा. तो २०२१ चा हंगाम उत्तम खेळला आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी स्वतःहून थांबला.

आमचे व्याही निफाडकडचे द्राक्षबागायतदार. त्यांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "यात नवल काय? एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, दरवर्षी वेलीच्या अंगावर कात्री चालवतोच की आम्ही. बाग जुनी होणार हे लावतानाच ठाऊक असतं. पहिल्या वर्षांतल्या पिकातून जो शेवटच्या वर्षांची तरतूद करत नाही, तो बागायतदार कसला?"

मला वाटते, दीर्घ कराराचे सगळे अर्थशास्त्र या एका वाक्यात आले. संघ तरुणपणीच्या खेळाची किंमत उतारवयापर्यंत पसरून देतो. उतारवयातले पैसे ही मेहेरबानी नव्हे, ती मागची बाकी असते.

आपल्याकडे हिशेब वेगळा. क्रिकेट मंडळाचे करार वर्षावर्षाचे. जानेवारी २०२० मध्ये यादी जाहीर झाली आणि तीत महेंद्रसिंग धोनीचे नाव नव्हते. पुढे चेन्नईने त्याला बारा कोटींना ठेवले. जून २०२३ मध्ये मुंबईत त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. २०२५ च्या हंगामासाठी भाव ठरला चार कोटी, तोही पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्यांच्या नियमात बसवून. चार कोटी थोडे नव्हेत. पण जो धोनी नाही, त्याने कोणाकडे पाहायचे?

नाशिककराने माधव मंत्री यांच्याकडे पाहावे. त्यांचा जन्म १९२१ सालचा, आपल्या नाशिकचा. यष्टिरक्षक आणि सलामीचे फलंदाज. १९५१ ते १९५५ या काळात चारच कसोटी सामने त्यांच्या वाट्याला आले. लीड्सला १९५२ मध्ये भारताचे शून्यावर चार गडी बाद झाले, त्या चौघांत तेही होते. एवढ्यावर कोणी खचले असते. मंत्री मुंबईचे कर्णधार झाले, दादर युनियनचा आधारस्तंभ झाले, १९९० च्या इंग्लंड दौऱ्यावर संघाचे व्यवस्थापक म्हणून गेले आणि २०१४ साली ९२ व्या वर्षी वारले. छोट्या सुनील गावसकरने आपल्या या मामाचा भारतीय संघाचा स्वेटर मागितला, तेव्हा तो कमवावा लागतो, असे सांगून त्यांनी तो दिला नाही, ही गोष्ट क्रिकेटवेड्या घरांतून सर्वांना ठाऊक आहे.

यष्टिरक्षकाचे गुडघे आधी म्हातारे होतात, पण नजर होत नाही. सारे मैदान समोर ठेवून खेळणारा संघात तो एकटाच. चंद्रकांत पंडित पाच कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. १९९९ मध्ये बंगळुरूला मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून त्यांनी रणजीची अंतिम लढत गमावली. २०२२ मध्ये त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून त्याच संघाला विजेते केले. त्याआधी विदर्भाला लागोपाठ दोनदा. आणि तो पोझी? २०२४ पासून तो आपल्या जुन्याच संघाचा कारभार पाहतो आहे.

पोह्यांची बशी संपली तेव्हा भाच्याला मी एवढेच म्हणालो, "रकमेसाठी भांडू नकोस, त्या शेवटच्या ओळीसाठी भांड. गुडघा गेला तर कार्यालयात जागा द्या, हे लिहून घे. आणि आजपासून पहिल्या स्लिपमध्ये उभं राहायला शीक. मावरचा तो पहिला बेस समज."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर त्यांना तू नकोयस, तुझे गुडघे हवेत. मग भाडं त्या हिशेबाने माग."

परवा रात्री त्याचा फोन आला. ती ओळ बदलली. पगार मात्र थोडा उतरवला. "मामा, ठीक झालं ना?" त्याने विचारले. 'ठीक झालं' म्हणत मी खुर्चीतून उठलो, तर डावा गुडघा कट्‌कन वाजला. पलीकडे त्याला ऐकू गेले असावे. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तो म्हणाला, "सही करतो."