बेडकाच्या फुप्फुसातले बिऱ्हाड

मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला की तुयेच्या शेतांत रात्र कशी गाजते, हे आपल्याला सांगायला नको. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांच्या या गजरावर एक संपूर्ण सूक्त आहे. म्हणजे आपल्या वाङ्मयात बेडूक फार जुना. पण हा गजर ज्या हवेवर चालतो, ती साठवणाऱ्या फुप्फुसांत एक बिऱ्हाडकरू राहतो. आज त्याची ओळख करून घेऊ.

त्याचे शास्त्रीय नाव ऱ्हॅब्डियास. हा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, दोऱ्यासारखा जंत. तो यजमानाचे रक्त पितो, म्हणून त्याच्या पारदर्शक अंगातून काळसर आतडे दिसते. फुप्फुसातला प्रत्येक जंत नर आणि मादी दोन्ही असतो. त्याची अंडी बेडकाच्या तोंडात येतात, गिळली जातात आणि विष्ठेबरोबर ओल्या मातीत पडतात. तिथे बहुधा एक निराळी पिढी जन्मते, तिच्यात नर वेगळा, मादी वेगळी. या मादीची पिल्ले आईच्या पोटातच वाढतात आणि तिला आतून खाऊन बाहेर पडतात. मग ती बेडकाच्या कातडीतून आत शिरतात, शरीराच्या पोकळीत वाढतात आणि शेवटी फुप्फुस गाठतात.

आता खरा प्रश्न असा, की कोणताही जंत कोणत्याही बेडकात राहू शकतो का? या जंताच्या सुमारे ९० जाती माहीत आहेत. पूर्वी देशोदेशींच्या बेडकांत सापडलेले जंत युरोपातल्या एकाच जातीच्या नावावर नोंदले जात. बारकाईने पाहिल्यावर आणि जनुकीय तपासणी झाल्यावर कळले, की त्यांतले कित्येक निराळे आहेत आणि आपापला यजमान धरून आहेत.

सॅलमँडर हा पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या गोत्रातला प्राणी. तो गोव्यात नाही. भारतात तो पूर्व हिमालयात आढळतो. जपानच्या लाल पोटाच्या न्यूटमध्ये आणि सायबेरियातल्या सॅलमँडरमध्ये या जंताच्या वेगवेगळ्या जाती सापडल्या आहेत. अमेरिकेतल्या शेकडो जातींच्या सॅलमँडरांना मात्र फुप्फुसेच नाहीत. ते मुख्यतः कातडीने श्वास घेतात. घरच नाही, तिथे बिऱ्हाड कुठले!

आत शिरणे सोपे, टिकणे कठीण, हे ऑस्ट्रेलियात स्पष्ट दिसले. उसावरचे भुंगेरे खावेत म्हणून १९३५ साली हवाई बेटांवरून तिथे दक्षिण अमेरिकी भेक आणले गेले. भुंगेरे हटले नाहीत. भेक मात्र पसरत गेले आणि त्यांच्या फुप्फुसांतून त्यांचा मायदेशीचा जंतही आला. या जंताने लहान भेकांची वाढ खुंटते, दमही कमी होतो. मग याच जंताने भेकांना आवरता येईल का, असा विचार पुढे आला. त्यासाठी स्थानिक बेडकांवर चाचण्या झाल्या. अनेकांच्या अंगात अळ्या शिरल्या, पण फुप्फुसापर्यंत पोचल्या नाहीत. एका हिरव्या वृक्षबेडकात मात्र जंत फुप्फुसात वाढले. म्हणजे नाते पक्के असले तरी अभेद्य नाही, आणि कुंपण कुठे तुटेल हे आधी सांगता येत नाही.

आपल्याकडे याचा अर्थ काय? हा जंत माणसाच्या फुप्फुसात घर करत नाही, तेव्हा भीती नको. पण मुलांनी बाटलीत धरलेले बेडकाचे पिल्लू दुसऱ्या गावच्या तळीत सोडू नये. जिथून आणले तिथेच सोडावे. एका बेडकाबरोबर त्याचा सगळा गोतावळा प्रवास करतो.

दुसरी गोष्ट पावसाळी रात्रींची. बत्ती घेऊन माणके पकडायला जाणे आपल्याकडे अजून थांबलेले नाही, जरी वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ सालीच बंद झाली, कारण बेडूक घटले की शेतातली कीड वाढते. शेजारच्या आंबोलीचा छोटा भेक तर जगात केवळ त्याच परिसरात आहे. असा एखादा यजमान संपला, तर केवळ त्याच्याच आधाराने जगणारे, अजून नावही न मिळालेले जीव त्याच्याबरोबर संपतील.

पुढच्या मिरगाला शेतातून आवाज आला, तर एवढे आठवावे: तो एकट्या बेडकाचा नाही. घर पडले की बिऱ्हाडही जाते.