घरची बिअर आणि सरकारची तिजोरी

राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा शिकविताना वर्गात एक जुने उदाहरण हटकून येते. गृहिणीने घरी भाजलेली भाकरी राष्ट्रीय उत्पन्नात धरली जात नाही. तीच खानावळीत विकत घेतली की धरली जाते. घरापुरते केलेले काम हिशेबनिसाच्या नजरेस पडत नाही. मात्र एका घरगुती पदार्थावर अनेक सरकारांची नजर दीर्घकाळ खिळून राहिली. तो म्हणजे घरी आंबविलेली बिअर.

वस्तुतः ही कृती इडलीच्या पिठाहून फारशी गूढ नाही. मोड आणून वाळविलेले जव, म्हणजेच माल्ट, सुमारे ६५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले की त्यातील पिष्टाची साखर होते. तो गोड अर्क गाळून, हॉप्स या वेलीची कडवट फुले घालून तासभर उकळावयाचा, वीस अंशांपर्यंत निववावयाचा आणि त्यात यीस्ट सोडावयाचे. आठ-पंधरा दिवसांत बिअर तयार होते. नवशिक्याचा घाणा बिघडतो तो बहुधा अस्वच्छतेमुळे. लुई पाश्चरने १८७६ साली बिअरवर ग्रंथ लिहिला तो याच बिघाडाचा शोध घेण्यासाठी. घाई करून बाटल्या भरल्या तर त्या फुटतात, हा दुसरा धडा.

मग सरकारला त्यात स्वारस्य का असावे? उत्तर तिजोरीत आहे. ब्रिटनमध्ये १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरील कर काढून तो बिअरवर बसविला आणि घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागला. तो १९६३च्या अंदाजपत्रकात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. अमेरिकेत दारूबंदी १९३३ साली उठली. घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअरला मिळाली नाही. ही चूक दुरुस्त व्हावयास पंचेचाळीस वर्षे लागली. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने प्रौढ व्यक्तीस वर्षाला १००, तर दोन प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. विक्रीस मात्र बंदी, आणि घरगुती ऊर्ध्वपातनास मुभा नाहीच. तरीही अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनी २०१३ पर्यंत दार उघडले नाही.

परिणाम विचार करण्याजोगा आहे. त्या सुमारास अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराहून कमी उरले होते. आज ते नऊ हजारांवर आहेत. घरगुती बिअरचे सामान विकणारे केन ग्रॉसमन यांनी १९८० च्या सुमारास सिएरा नेवाडा ही कंपनी उभी केली. १९७६ साली छोट्या उत्पादकांना मिळालेली करसवलत हेही या वाढीचे एक कारण होय. परंतु स्वयंपाकघर ही उद्योगाची पहिली कार्यशाळा ठरू शकते, एवढे यावरून निश्चित दिसते.

आपल्याकडे चित्र निराळे आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरते का असेना. या कठोरतेमागे केवळ महसूल नाही. राज्यघटनेचे ४७वे कलम आहे आणि ‘आडवी बाटली’साठी मतदान करणाऱ्या खेडोपाडीच्या स्त्रियांचा अनुभवही आहे. ज्या घरात पगार दारूत वाहून जातो, तेथे ‘छंद’ हा शब्द क्रूर वाटेल. म्हणून अमेरिकेचा कायदा जसाच्या तसा उचलावा, असे मी म्हणणार नाही.

पण एक भेद केला पाहिजे. मालवणीत २०१५ साली शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉलमिश्रित विषारी दारूने. धान्य आंबवून केलेल्या पेयाने नव्हे. झारखंड-ओडिशातील आदिवासी घरांत भाताची हंडिया पिढ्यान्‌पिढ्या आंबविली जाते. १९९६च्या पेसा कायद्याने अशा बाबतीत नियमनाचा अधिकार ग्रामसभेकडेही सोपविला. म्हणजे स्वतःपुरते आंबविणे आणि विकण्यासाठी विष गाळणे यांत फरक करण्याची वाट आपल्या कायद्यालाही अपरिचित नाही.

सरकारने बंदी घालावी किंवा कर घ्यावा; दोन्हींना कारणे देता येतात. परंतु एका हाताने परवाने विकून तिजोरी भरावयाची आणि दुसऱ्या हाताने नीतीचा दंडुका उगारावयाचा, हे तर्कसंगत नव्हे. कायद्याची मोजपट्टी हानी असावी, वसुली नव्हे.