परक्या अंगणांतील पराभव

पाण्यांतली मगर गजराजालाही ओढून नेते आणि तीच पाण्याबाहेर आली म्हणजे साधें कुत्रेंही तिला भारी होतें, हा दृष्टांत आपल्याकडे मुलांस लहानपणींच सांगतात. स्थानमाहात्म्याचा हा नियम माणसांस कितपत लागू पडतो हें पाहावयाचें असेल, तर अमेरिकेंतील बास्केटबॉलच्या सामन्यांकडे पाहावें. तेथील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या निर्णायक फेऱ्यांस ‘प्ले-ऑफ’ म्हणतात. गेल्या कित्येक दशकांचा हिशेब मांडला, तर या फेऱ्यांतील शंभरांपैकीं साठांहून अधिक सामने यजमान संघानें, म्हणजे ज्याच्या गांवीं खेळ झाला त्यानें, जिंकलेले आढळतात.

क्रिकेटमध्यें परक्या गांवची खेळपट्टी फसवी निघाली, असें म्हणावयास जागा असते. येथें तीही नाहीं. खेळाची लांकडी जमीन सर्वत्र ९४ फूट लांब व ५० फूट रुंद. टोपली सर्वत्र १० फूट उंचीवर. चेंडू एकाच मापाचा. आणि डोक्यावर छप्पर असल्यामुळें ऊन-पावसाचाही प्रश्न नाहीं. मग घरीं वाघ असलेला संघ परगांवीं शेळी कां होतो? याचें उत्तर लोक सामान्यतः दोन शब्दांत देतात: कच खाल्ली! आमच्या मतें हें उत्तर अन्यायाचें आहे, व तें तसें कां, हें दाखविणें हाच या लेखाचा हेतु होय.

प्रथम सामन्यांची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. वर्षाच्या साखळींत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो; त्यांतले साधारणतः निम्मे घरीं, निम्मे परगांवीं. त्यांतून निवडलेले सोळा संघ पुढें चार फेऱ्यांत झुंजतात. एका फेरींत तेच दोन संघ पुन्हां पुन्हां समोरासमोर येतात आणि प्रथम चार सामने जिंकणारा पुढें जातो. झुंज सात सामन्यांपर्यंत लांबलीच, तर त्यांतले चार सामने, आणि त्यांत शेवटचा सातवा, सरस कामगिरीच्या संघाच्या गांवीं होतात.

या कोड्याचें सर्वांत बोलकें उदाहरण २००८ सालचें आहे. पॉल पियर्स, केविन गार्नेट व रे ॲलन असे तीन नामांकित वीर बाळगणाऱ्या बोस्टन सेल्टिक्स संघानें साखळींतले ६६ सामने जिंकले होते. परगांवच्या ४१ सामन्यांपैकींच ३१ त्यानें जिंकले होते. तेव्हां परक्या गांवाची भीति त्यास ठाऊक नव्हती, असें म्हणावयास हरकत नाहीं. पहिल्या फेरींत त्याची गांठ पडली अटलांटाच्या हॉक्स संघाशीं. हा संघ ३७ सामने जिंकून ४५ हरलेला! बोस्टन येथील चारही सामने सेल्टिक्सनीं जिंकले, सातवा तर ९९ विरुद्ध ६५ गुणांनीं. आणि अटलांटा येथील तिन्ही गमावले. दुसऱ्या फेरींत क्लीव्हलंडशीं अक्षरशः तोच प्रकार झाला: घरचे चार जिंकले, तिकडचे तीन हरले. पुढें डेट्रॉइट येथें ही साडेसाती सुटली आणि अखेर लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघास नमवून सेल्टिक्स अजिंक्य ठरले. परंतु एकंदर हिशेब काय झाला? घरीं १४ पैकीं १३ विजय. परगांवीं १२ पैकीं अवघे ३. ज्यांनीं त्याच वर्षीं परगांवचे ३१ सामने जिंकले, त्यांचें धैर्य अटलांटाच्या विमानांत चढतांच गळून पडलें, असें मानावें काय?

आतां एकेक कारण तपासून पाहूं. पहिलें कारण अगदीं साधें आहे. घरचे अधिक सामने मुळांत सरस संघासच मिळतात, तेव्हां यजमानाच्या विजयांत त्याच्या गुणांचाही वाटा आहेच. निर्णायक सातवा सामना यजमान चारांतून सुमारें तीन वेळां जिंकत आला आहे, त्यांत हा वाटा मोठा. पण सेल्टिक्स तर अटलांटा येथेंही सरसच होते. तेथील तीन पराभव यानें उलगडत नाहींत.

दुसरें कारण प्रवासाचें. बोस्टनहून लॉस एंजेलिस अडीच हजार मैलांहून दूर, आणि दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत तीन तासांचा फरक. पूर्वीं खेळाडू साध्या प्रवासी विमानांनीं हिंडत. डेट्रॉइटच्या संघानें १९८७ साली स्वतःचें विमान घेतलें, आणि आतां सर्वच संघ खास विमानांनीं जातात. शिवाय साखळींत लागोपाठच्या दोन रात्रीं दोन गांवीं खेळावें लागतें, तसें निर्णायक फेऱ्यांत होत नाहीं. म्हणजे येथें विसांवा अधिक, धांवपळ कमी. तरीही यजमानाचें पारडें साखळीपेक्षां अधिकच जड! प्रवासाचा शीण हें मुख्य कारण असतें, तर याच्या उलट दिसावयास हवें होतें.

तिसरें कारण वास्तूचें. बोस्टनच्या जुन्या ‘गार्डन’ सभागृहांत हवा थंड करण्याची सोय नव्हती. १९८४ च्या अंतिम फेरींतील पांचव्या सामन्याच्या रात्रीं तेथें पारा ९७ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला, आणि लेकर्सच्या करीम अब्दुल-जब्बारसारख्या महावीरास बांकावर बसून प्राणवायु घ्यावा लागला. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच, तेथें पाहुण्यांस धाप लागते. पण हे अपवाद. आजचीं बहुतेक सभागृहें सारखींच सुखकर आहेत.

चौथें कारण भीतीचें, आणि लोकांचा सारा भर याचवर. सुदैवानें हें पारखण्याची कसोटी खेळांतच आहे. प्रतिपक्षानें नियमबाह्य अडथळा केला, तर खेळाडूस ‘फ्री थ्रो’ मिळतो: ठरलेल्या रेषेवर एकट्यानें उभें राहून, कोणाच्याही अडथळ्यावांचून चेंडू टोपलींत टाकावयाचा. पाहुणा त्यासाठीं उभा राहिला कीं टोपलीमागचे शेंकडों प्रेक्षक हात नाचवितात, आरोळ्या ठोकतात. येथें पंच नाहीं, प्रतिस्पर्धी नाहीं. केवळ माणूस आणि त्याचें मन. हात कांपावयाचा तर येथेंच कांपला पाहिजे. पण आंकडे सांगतात कीं, यजमान व पाहुणे या दोघांचेही शंभरांत पंचाहत्तरांच्या आसपास फेंक टोपलींत जातात. दोहोंत म्हणण्यासारखा फरक नाहीं. भीतीचा आरोप येथेंच निकालांत निघतो.

मग उरतें काय? उरतो तो निवाडा करणारा. टोबायस मॉस्कोविट्झ व जॉन वर्थाइम यांनीं २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्कोअरकास्टिंग’ या ग्रंथांत निरनिराळ्या खेळांचे आंकडे तपासून असा निष्कर्ष काढला कीं, यजमानाच्या लाभाचें मुख्य मूळ पंचांच्या निर्णयांत आहे. पंच लांच खातात, असा याचा अर्थ नव्हे. बास्केटबॉलांत धक्काबुक्की क्षणोक्षणीं होते, आणि ती नियमांत बसते कीं नाहीं याचा निकाल डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं द्यावा लागतो. अशा संशयाच्या क्षणीं वीस हजार कंठ एकाच बाजूनें ओरडले, तर प्रामाणिक माणसाचें मनही नकळत तिकडे कलतें. इंग्लंडमध्यें ॲलन नेव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ साली फुटबॉलच्या चाळीस पंचांस एकाच सामन्याचें चित्रण दाखविलें. कांहींस प्रेक्षकांच्या गोंगाटासह, कांहींस निःशब्द. गोंगाट ऐकणाऱ्यांनीं यजमानाविरुद्ध कमी ‘फाऊल’ दिले.

दोन-तीन शिट्ट्यांनीं काय बिघडतें, असें कोणी विचारील. बास्केटबॉलांत सहा फाऊल झालेला खेळाडू बाद होतो. पाहुण्यांच्या मुख्य वीरावर आरंभींच दोन-तीन चढले, कीं त्यास बांकावर बसवून ठेवावें लागतें आणि त्याची जागा दुय्यम खेळाडूस भरावी लागते. दुय्यम खेळाडू घरीं फुलतात व परगांवीं कोमेजतात, असा तर तेथील शिक्षकांचा अनुभव आहे. सामना चार-पांच गुणांनीं ठरणारा असेल, तर एवढें पुरेसें होतें.

उलट पुरावाही नियतीनेंच पुरविला. २०२० साली महामारीमुळें सर्व निर्णायक सामने फ्लोरिडांत ऑर्लंडोजवळ एकाच ठिकाणीं, प्रेक्षकांवांचून झाले. तेव्हां डेन्व्हरचा संघ एकदां नव्हे, दोनदां एकास तीन असा मागें पडूनही जिंकला. त्यांतला दुसरा सातवा सामना एरव्हीं लॉस एंजेलिसच्या गर्दींत खेळावा लागला असता. पुढील साखळींत, बहुतेक सभागृहें ओस असतांना, यजमानांचे विजय शेंकडा ५४ च्या आसपास उतरले.

हा कल अटळ मात्र नव्हे. १९६९ साली अंतिम फेरीचे पहिले सहा सामने यजमानांनींच जिंकले. सातव्याच्या विजयोत्सवासाठीं लेकर्सच्या मालकांनीं छताशीं फुगे टांगून ठेवले. पण बिल रसेलचे सेल्टिक्स १०८ विरुद्ध १०६ गुणांनीं जिंकले व फुगे तसेच राहिले. २०१६ साली क्लीव्हलंडनें सातवा सामना ओकलंड येथें जिंकला. २०१९ साली टोरांटोनें ओकलंडचे तिन्ही सामने जिंकले. असे विजय दुर्मिळ म्हणूनच मोलाचे. घरच्या विजयाशीं ते एकाच तराजूंत तोलूं नयेत.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा या खेळाशीं संबंध येणार नाहीं. पंच होण्याचा प्रसंग मात्र प्रत्येक वडीलधाऱ्या माणसावर येतो. भरल्या घरांत नवी सून आली, पोरका भाचा शिकावयास येऊन राहिला, कीं तंटा होतांच दहा कंठ एका बाजूस आणि एक कंठ दुसऱ्या बाजूस असा प्रकार होतो. निवाडा करणारा आजोबा वा आजी आपण निःपक्षपाती आहों असें मनापासून मानतात, आणि त्या पंचांप्रमाणेंच नकळत गलक्याकडे झुकतात. परक्या अंगणांत हरलेल्यास भित्रा म्हणण्यापूर्वीं शिट्टी कोणाच्या हातीं होती व तेव्हां आरोळ्या कोणाच्या होत्या, एवढें आपण आपल्याशीं विचारावें.