एकच गाणं, भाव मात्र दोन!

कबनूरच्या यंत्रमागावर विणलेल्या एक मीटर कापडाचा भाव कसा ठरतो? सुताचे पैसे, विजेचं बिल, कामगाराची मजुरी आणि वर मालकाचा थोडा नफा. भाव त्याच्या खाली गेला की माग बंद ठेवलेला परवडतो. कापड शेजारच्या इचलकरंजीत विका, नाहीतर परदेशी पाठवा, हा खर्च काही सुटत नाही.

गाण्याचं मात्र तसं नाही, बरं का! ते पहिल्यांदा तयार करायला गायक, वादक, स्टुडिओ असा बक्कळ खर्च येतो. पण एकदा ते कॉम्प्युटरवर चढलं, की दुसऱ्या प्रतीला ना सूत लागतं, ना माग. लाखावी प्रतसुद्धा जवळजवळ फुकटच! मग भाव ठरवायचा कशावरून? गिऱ्हाइकाच्या खिशावरून.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'स्पॉटिफाय' ही गाणी ऐकवणारी कंपनी भारतात आली. जाहिरातींचा व्यत्यय नको असेल, तर महिन्याला ११९ रुपये. अमेरिकेत त्याच वेळी त्यासाठीच ९.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सातशे रुपये पडत होते! कंपनीला आपली माया आली म्हणून हे झालं, असं समजू नका हं. सातशे रुपये मागितले असते तर इथे घेणारे किती निघाले असते? त्यापेक्षा ११९ देणारे पुष्कळ मिळाले, तर फायदा तिचाच.

तुम्ही म्हणाल, मग अमेरिकेतला मामेभाऊ इथलंच स्वस्त का घेत नाही? खरी गोम इथेच आहे. पैसे कोणत्या देशातल्या कार्डावरून येताहेत, फोन कुठे चालू आहे, हे दुकान तपासून बघतं. स्वस्त आणि महाग दुकानांमध्ये भिंत नसेल, तर सगळेच स्वस्ताकडे धावतील.

आणि आपल्यासाठी वेगळा भाव लावलाच नाही तर? 'स्टीम' हे कॉम्प्युटरवरच्या खेळांचं मोठं दुकान. नोव्हेंबर २०१५ पर्यंत तिथे भारतीयांनाही डॉलरमध्येच किंमत दिसायची. साठ डॉलरचा नवा खेळ म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये! मागावर काम करणाऱ्या माणसाच्या मुलाने ती हौस करायची तरी कशी?

किंमत राहू द्या, कधीकधी माल दुकानात दिसतच नाही. 'आयट्यून्स' हे गाण्यांचं दुकान अमेरिकेत एप्रिल २००३ मध्ये उघडलं, भारतात यायला डिसेंबर २०१२ उजाडला. गाणी तारेतून क्षणात येतात. वेळ लागतो तो परवानग्यांना. ही रीत इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. आपल्याकडे सिनेमाचे हक्क विभागवार विकले जात. कोल्हापूर 'बॉम्बे' विभागात, नागपूर 'सीपी बेरार'मध्ये, औरंगाबाद 'निजाम'मध्ये आणि परदेश 'ओव्हरसीज'मध्ये. ज्याने जो विभाग विकत घेतला, त्याने तिथेच सिनेमा दाखवायचा. इंटरनेट आलं, पण करारांवर देशांची नावं राहिलीच.

करार नसला तर घरचं गाणंही परकं होतं. कुत्र्याच्या चित्राच्या जुन्या एचएमव्ही तबकड्या आजोबांकडे पाहिल्या असतील. ती गाणी आता 'सारेगामा' कंपनीकडे आहेत. तिचं 'स्पॉटिफाय'शी जमलं नाही, म्हणून २०१९ मध्ये ही गाणी तिथून काढावी लागली. जून २०२० मध्ये करार झाला, तेव्हा कुठे ती परतली.

कायदेही देशागणिक निराळे असतात. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजी १९५० मध्ये गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून हे पुस्तक इथे कुणालाही छापता येतं, इंटरनेटवर फुकट ठेवता येतं. अमेरिकेत मात्र अशा जुन्या पुस्तकांची मुदत प्रसिद्ध झाल्यापासून ९५ वर्षं आहे आणि ती अजून भरलेली नाही. तेव्हा कबनूरच्या मुलाला जी 'श्यामची आई' मोकळी आहे, तीच तिकडच्या दुकानात ठेवायची तर आधी परवानगी काढावी लागते!